समुद्राला नावं ठेवताना



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर उभं राहिलो की अजूनही प्रॅक्टिकलची वही अपुरी राहिल्यासारखं वाटतं. विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एक जण फोनवर हसले. म्हणाले, "सर, समुद्र? नागपुरात? आपलं पाणी तर फुटाळा तलावापाशीच संपतं." हसणं रास्त होतं. मुंबई-रत्नागिरीच्या माणसाने समुद्रावर बोलावं आणि आपण वाघावर, अशी वाटणी आपण कधीचीच करून टाकली आहे.

पण पृथ्वीच्या हिशेबाने ही वाटणी जुनी नाही. आपल्या उत्तरेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गाळाचा एक थर सापडतो. असे थर नागपूरकरांना परके नाहीत. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी आपल्या टाकळीच्या आसपास असेच थर उकरले आणि १८५५ साली रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर निबंध लिहिला. टाकळीच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात. झिलमिलीच्या गाळात मात्र वेगळंच निघालं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तिथल्या फोरॅमिनिफेरांची नोंद आहे. हे एकपेशीय जीव, अंगावर चुन्याचं सूक्ष्म कवच आणि राहणं समुद्राच्या पाण्यात तरंगत. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर नुकतेच संपले होते तेव्हाचं. समुद्राची एखादी जीभ त्या काळी इथपर्यंत पोचली होती. वर्धा रोडवरून लाटा दिसल्या असत्या, असं मी म्हणत नाही. पण समुद्र आपल्या पंचक्रोशीत येऊन गेला, आणि त्याची खूण डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाने ठेवली. त्या जिवाला कोणी तरी आधी नाव दिलेलं होतं, म्हणून ती खूण वाचता आली. नसतं, तर तो गाळ गाळच राहिला असता.

आज मला बोलायचं आहे ते या नावाबद्दल.

माझा समुद्र सुरू झाला १९७९ साली, कॉलेजच्या सहलीत. कोकण रेल्वे नव्हती. रेल्वेने कोल्हापूर, पुढे घाट उतरून एसटीने मालवण. निम्म्या वर्गाने समुद्र पहिल्यांदा पाहिला. ज्या घरात उतरलो होतो तिथल्या आजोबांनी आल्या आल्या आम्हाला हिशेब शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वा अकरा. सव्वा अकराला भरती, मग सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येचं मोठं पाणी म्हणजे उधाण, अष्टमीच्या आसपासचं लहान पाणी म्हणजे भांग. घड्याळ नको, तक्ता नको, पंचांग पुरे. आमच्या वह्यांत भरती-ओहोटीवर चार पानं होती. त्यांत हे नव्हतं.

उधाणाच्या ओहोटीला खडक उघडे पडले आणि सरांनी आम्हाला सोडलं. एका डबक्यात मला बोटाच्या पेराएवढी एक गोगलगाय दिसली. शंख नाही. अंग जांभळं, कडेला पिवळी रेघ, पाठीवर कल्ल्यांचा तुरा. जवळच कालवं काढणाऱ्या बाईंना विचारलं, याला काय म्हणतात? त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "खायत नाय त्येका." नाव विचारलं तर उत्तर मिळालं ते उपयोगाचं. तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, आपल्या सरकारी कागदांचंही उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मी ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत घातली. तेव्हा तिथे अभयारण्य नव्हतं. आज तिथून असं काही उचललंत तर मोठ्या अडचणीत याल, तो मोह करू नका. बाटलीत चिठ्ठी टाकली, नव्या शाईपेनाने, सुवाच्य अक्षरात. नागपूरला पोचेपर्यंत गोगलगायीचा रंग उतरला होता आणि चिठ्ठीवरची शाई विरघळली होती. हातात राहिला एक पांढरट गोळा. सरांनी बाटली उजेडात धरली, परत ठेवली आणि एवढंच म्हणाले, "आता ही कुठलीच नाही." रागावले असते तर बरं वाटलं असतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची असते, कारण पेन्सिलीतलं ग्राफाइट फॉर्मॅलिनमध्ये विरघळत नाही. हे त्यांनी सहलीच्या आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

समुद्राची अवस्था बरीचशी त्या बाटलीसारखी आहे. आजपर्यंत सागरी जिवांच्या सुमारे २ लाख ४० हजार जाती नाव देऊन नोंदवल्या गेल्या आहेत. एकूण किती असतील? २०११ च्या एका अंदाजात २२ लाख, २०१२ च्या दुसऱ्यात ७ ते १० लाख. जीवाणू-विषाणू यांत धरलेलेच नाहीत. दोन अंदाजांत एवढी तफावत पाहून कोणी म्हणेल, हे कसलं शास्त्र? मला उलट हा आकड्यांचा प्रामाणिकपणा वाटतो. २००० ते २०१० या दहा वर्षांत ८० हून अधिक देशांच्या सुमारे २७०० शास्त्रज्ञांनी मिळून समुद्रातल्या जिवांची शिरगणती केली. तिच्यातून ६००० हून अधिक जाती बहुधा नव्या म्हणून पुढे आल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच नावाच्या रांगेत ताटकळत राहिल्या. जीव सापडणं सोपं असतं. तो नवा आहे हे ठरवायला जुन्या नमुन्यांशी ताडून पाहणारा माणूस लागतो. असे जाणकार दरवर्षी निवृत्त होतात आणि त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहतात.

तुम्हाला वाटेल, ही नवलाई खोल समुद्रातली असणार, अंधारातली. म्हणून मी तुमच्या ताटातलं उदाहरण आणलं आहे.

पापलेट. कोकणात कुठे त्याला सरंगा म्हणतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्याला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. सातपाटीच्या कोळ्यांनी त्यासाठी आग्रह धरला होता आणि तो योग्यच होता, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत पापलेट घटत चाललं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही मुलांना शिकवलं की याचं शास्त्रीय नाव पॅम्पस अर्जेंटियस. हे नाव १७८८ साली चीनकडच्या माशावरून दिलेलं. पुढे १८२९ मध्ये क्यूविए या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपल्याकडच्या माशाला कँडिडस असं वेगळं जातिनाव दिलं होतं. पण मागाहून आलेल्यांनी ठरवलं की दोन्ही एकच आहेत, आणि ते नाव अडगळीत गेलं. २०१९ साली भारतीय शास्त्रज्ञांनी डीएनए आणि शरीराची मोजमापं तपासून ते नाव पुन्हा वर काढलं. आपल्या किनाऱ्यावरचं पापलेट चिनी पापलेटाहून वेगळी जात आहे. कोट्यवधी माणसं रोज बाजारात जो मासा हाताळतात, ज्याचा भाव गृहिणीला तोंडपाठ असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावर जगत होता. जवळ जवळ सगळ्यांना ठाऊक असलेला मासा, आणि तरी लपलेला. काळं पापलेट म्हणून आपण जो हलवा खातो तो तर पापलेटाच्या भाऊबंदकीतलाही नाही, त्याचं कूळच निराळं.

नावाने काय फरक पडतो, असं माझ्या एका वकील मित्राने विचारलं. त्याला म्हटलं, सातबाऱ्यावर शेजाऱ्याचं नाव लागलं तर काय फरक पडतो? मासा किती लांबीचा झाला की अंडी घालतो, कोणत्या महिन्यात घालतो, वर्षाला किती वाढतो, हे प्रत्येक जातीचं आपलं असतं. राज्य सरकारने २०२३ मध्येच ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. ही लांबी आपल्या माशावरूनच काढायला हवी. चीनच्या समुद्रातल्या माशाचं वेळापत्रक सातपाटीला लावून चालणार नाही.

लहान जिवांचं सोडा. जगात आजवर जगलेला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे निळा देवमासा. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तो जिवंत दिसल्याची नोंद कित्येक दशकं नव्हती. २०१५ साली सिंधुदुर्गच्या समुद्रात डॉल्फिनचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधकांना तो दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला, तेव्हा तो पाहायला जत्रा जमली. त्याची बातमी पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली. जिवंत देवमाशासाठी कोणी पहिलं पान दिलं असतं की नाही, याची मला शंका आहे.

आता आंग्रिया बँकेकडे येतो. ही पैशांची बँक नाही. समुद्रात बुडालेला, वर सपाट असलेला हा उंचवटा विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. लांबी साधारण ४० किलोमीटर, रुंदी १५, आणि माथा पाण्याखाली २० मीटरच्या आसपास. भोवतीचा समुद्र शेकडो मीटर खोल. नाव कान्होजी आंग्र्यांचं. ज्या दर्यावर्दीने परक्या आरमारांना या किनाऱ्यावर जेरीस आणलं, त्याचं नाव नकाशावर राहिलं ते अशा ठिकाणी, जिथे उभं राहायला जमीन नाही. किनाऱ्यापासून इतक्या दूर नद्यांचा गाळ पोचत नाही, पाणी नितळ, ऊन खोलवर उतरतं. म्हणून तिथे प्रवाळांची वस्ती आहे. तारकर्लीच्या स्कूबा डायव्हिंग संस्थेत काम केलेले सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी या जागेकडे लक्ष वेधण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली आहे. तिथे बुडी मारून आलेल्या माणसाला तिच्याबद्दल विचारलंत तर तो आधी थोडा वेळ गप्प बसतो.

या जागेचं संरक्षण कसं करायचं? इथे कायद्याची गंमत सुरू होते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा देशाचा प्रादेशिक समुद्र. अभयारण्य करायचं ते त्याच्या आत. मालवणचं सागरी अभयारण्य असंच झालं, १९८७ साली, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती, २९ चौरस किलोमीटरचं. आंग्रिया १०५ किलोमीटरवर. वन्यजीव कायद्याचा हात तिथे अभयारण्य आखण्यापुरता पोचत नाही. केंद्राचा सागरी क्षेत्रांचा १९७६ चा कायदा वेगळा. म्हणजे जागा राज्याच्या नकाशातल्या अभिमानाची, पण कागद दिल्लीचा.

आणि एक कागद नागपूरचा. हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकही इथेच बसतात. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळाच्या १८ वसाहती हलवायची वेळ आली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या उचलून दुसऱ्या जागी लावल्या. पण अशा प्रवाळाला हात लावायचा तर परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून यावी लागते. तळहाताएवढ्या प्रवाळाची फाइल वरळीहून निघून नागपुरात येते. समुद्र आपल्याला दिसत नसेल, पण त्याचा शिक्का आपल्याकडे आहे.

त्या खडकांवर प्रवाळ आहे हे मुंबईलाच माहीत नव्हतं. २०१७ मध्ये प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीला लोकांना घेऊन गिरगाव, जुहू, हाजी अलीच्या खडकांवर जायचं, सापडेल त्याचा फोटो काढायचा, जीव तिथेच ठेवायचा. माझ्या मालवणच्या गोगलगायीचे भाऊबंद त्यांना दोन कोटी माणसांच्या शहरात भेटले. नोंदी झाल्या, म्हणून पुढे रस्त्याच्या वादात त्या खडकांवर काय जगतं हे सांगता आलं. अनुसूची म्हणजे अखेर नावांची यादी. ज्या जिवाला नाव नाही, तो यादीत बसत नाही, आणि यादीत नाही त्याच्यासाठी फाइल हलत नाही. ताडोब्यात आपण माया आणि मटकासुर अशी एकेका वाघाला नावं ठेवली, पट्ट्यांवरून ओळखतो. समुद्रात अख्ख्या जातीच्या जाती बिननावाच्या मरतात.

संरक्षण म्हटलं की आपल्याला कुंपण सुचतं. मी विदर्भातला, मला कुंपणाचं दुखणं माहीत आहे. गाव उठवून जंगल राखण्याचे वाद आपण जवळून पाहिले. मालवणात अभयारण्याला मच्छीमारांनी विरोध केला तो याच भीतीने. रापण ओढणारी माणसं ती. सगळी वाडी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढते आणि वाटे करते. त्यांचं खरं भांडण आहे ते पर्ससीनच्या अजस्र जाळ्यांशी आणि रात्री झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या बोटींशी. अभ्यास समितीच्या शिफारशींनंतर राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. समुद्रात ते किती पाळले जातात हे रापणवाल्यांना विचारा, ते तपशीलवार सांगतील. माझं मत स्पष्ट आहे. ज्याचं जाळं लहान त्याच्या विरोधात जाऊन समुद्र राखता येत नाही.

त्याला सोबत घेतलं तर काय होतं याचा दाखला आपल्याकडेच आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो हवा. साधी गोष्ट, पण तिने मच्छीमाराला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून साक्षीदार केलं. वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्गमित्र आणि गावकऱ्यांनी २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. तिथेच जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं आणि तिला नाव दिलं, प्रथमा. आता ऐका. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात. पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हा आपला समज एका बिल्ल्याच्या आकड्याने हलवला.

यात नागपूरचं काय, तर बंगालचा उपसागर हाच आपला समुद्र. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा पुढे प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रातल्या कोरिंगाच्या खारफुटीशेजारी समुद्राला मिळते. वाटेत गोसेखुर्दच्या जलाशयाने आपल्या नाग नदीचं काय काय पोटात घेतलं आहे, ते भंडाऱ्याच्या लोकांना विचारा. आपण अंघोळीचं पाणी सोडतो ते कोणाच्या तरी विणीच्या जागेकडे जातं. हे वाक्य मी शाळेत बोललो की मुलं नाक दाबतात. मोठी माणसं दाबत नाहीत.

खोल समुद्राबद्दल थोडंच बोलतो, कारण मी तिथे गेलेलो नाही. १९८१ च्या जानेवारीत 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरून धातूंचे गोटे वर काढले आणि भारत या शर्यतीत उतरला. आज मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर असे गोटे शोधण्याचा हक्क आपल्याकडे आहे. हा गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. त्याच्यावर आणि भोवतीच्या चिखलात जीव राहतात. पॅसिफिकमधल्या अशाच एका पट्ट्याचा २०२३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा ५५७८ जातींपैकी सुमारे नव्वद टक्के बिननावाच्या निघाल्या. वणी आणि चंद्रपूरच्या खाणी पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. कोळसा काढताना वर कोणतं जंगल होतं हे निदान आपल्याला ठाऊक होतं. आपल्या खोल महासागर मोहिमेला २०२१ मध्ये ४०७७ कोटी रुपये मंजूर झाले, माणसाला ६००० मीटरवर नेणारं 'मत्स्य ६०००' बांधलं जात आहे. त्या यानाचा मला अभिमान आहे. माझी मागणी एवढीच, की खाली जाणाऱ्यांत एक जण नाव देणारा असू द्या, आणि गोटे उचलायच्या आधी त्याची वही भरू द्या.

शेवटी एक काम सांगतो. विदर्भातल्या जुन्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांत अजून काचेच्या बरण्या आहेत. पन्नास-साठ वर्षांत सहलींहून आणलेले खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या. वर्गातली चिरफाड बंद झाल्यापासून त्या खोल्यांना कुलपं लागली. फॉर्मॅलिन आटतं आहे, आणि खोली रिकामी हवी म्हणून दर उन्हाळ्यात काही बरण्या भंगारात जातात. त्यांतल्या कुठल्या तरी बरणीत, माझ्यासारखा आगाऊ नसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने टाकलेली चिठ्ठी शाबूत असेल: मालवण, अमुक तारीख, ओहोटी. त्या खडकावर त्या वर्षी काय जगत होतं याचा तो कदाचित एकमेव पुरावा असेल. समोर बसलेल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. येत्या सुटीत ती कुलपं काढा. प्रत्येक बरणीचा आणि चिठ्ठीचा फोटो घ्या, यादी करा, भारतीय प्राणी सर्वेक्षण किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा आणि मगच काय टाकायचं ते ठरवा. जिथे चिठ्ठी पुसट झाली असेल तिथे नवी लिहा. पेन्सिलने.